सुखीचं आभाळ एकवीस पॉइंट सहा

१ डिसेंबर २०२४, रविवार

वहीबाई, तू मुलखाची इसराळू! माझ्या डोक्यात पंच्याहत्तर वर्षांचं सगळं बिनलिहिता बसलं आहे. कोणाची म्हैस कधी व्याली, कोणत्या लग्नात कोणी कोणाला शिळा लाडू वाढला, सगळं! आणि तुझ्यात पाहावं तर कोरंच्या कोरं. एकेक शब्द लिहून दिल्याशिवाय तुला कालचं काही आठवत नाही. म्हणून पहिल्याच पानावर टाकते — मी रामीबाई. आर्णीजवळच्या तांड्यावर, देवळासमोरच्या घरात राहते. आता विसरशील तर बघ.

मी सांगते, सून शीला लिहिते. मला अक्षर येत नाही, आणि आता शिकून कोणावर उपकार करू? मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. भाषा धुऊन, इस्त्री करून टाकते बाई. टाको. हात तिचा, तोंड माझं.

तुला विकत आणायचं कारण ऐक. काल नात आली, उज्ज्वला. शीलाची पोरगी. यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. अडतीस वर्षांची झाली, लग्न केलं नाही, दुर्बीण केली! पाण्याच्या पिंपाएवढी दुर्बीण, गाडीच्या मागच्या सीटवर नवरीसारखी गुंडाळून आणते. तर तिच्या पिशवीतून एक निळी वही पडली. मी विचारलं, हे काय व? म्हणाली, “नानीनं सांगितलेली चांदण्यांची नावं.”

नानी म्हणजे शीलाची आई. माझी विहीण, सुखीबाई. मुकुटबनच्या पुढे जंगलाला लागून त्यांचा तांडा. किती पानं भरली म्हणून विचारलं. चाळीस!

सुखीची चाळीस पानं! माझं कोणी अर्धं पान लिहिलं नाही. म्हणून आज प्रेमला बाजारात पाठवून ही दोनशे पानी आणवली. प्रेम म्हणजे माझा पोरगा. त्यानं शंभराची आणली होती, परत पाठवला.

शीला गालात हसून राहिली. हे पण लिही, शीला.

२ डिसेंबर

उजी यंदा बदलीत आहे. कोणता तालुका पाहिजे ते तिनंच भरायचं. जिथे बदली होईल तिथे दोन खोल्या बांधणार, एका खोलीचं छप्पर सरकतं करणार, आणि कायमची राहणार. मी म्हटलं, जागा पाहिली का? म्हणते, “जागा आभाळ पाहून घेईन, दादी.”

लोक पाणी पाहून जागा घेतात, रस्ता पाहून घेतात. शहाणे असतील ते शेजार पाहून घेतात. ही आभाळ पाहून!

दोनच ठिकाणं तिच्या मनात आहेत. एक आमचा तांडा, एक सुखीचा.

तिच्याजवळ आगपेटीएवढं एक डबडं आहे. अंधारात वर धरायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा मोठा तितका अंधार जास्त. यवतमाळचा अठरा. आमच्या तांड्याचा वीस पॉइंट चार. सुखीचा — एकवीस पॉइंट सहा.

“म्हणजे सव्वानं हारलो आपण?”

“दादी, सव्वा म्हणजे लय असते. नानीचं आभाळ आपल्याहून तिपटीनं काळं हाय.”

आभाळ काळं असणं ही मिरवायची गोष्ट आहे हे मला या वयात कळलं. एरवी सुखीकडे होतंच काय! आता निघालं काय तर काळोख. आणि त्यातही पहिला नंबर!

५ डिसेंबर

आमचा आकडा कशानं पडला ते उजीनं जाताना सांगितलं होतं. तीन दिवस तुला सांगितलं नाही. लाज वाटत होती.

देवळासमोरचा हायमास्ट. उंच खांब, वर चार मोठे दिवे, चारही आभाळाकडे तोंड करून. नऊ वर्षांपूर्वी ग्रामसभेत तो मीच मागितला. मागितला कसला, ओढून आणला! सरपंच म्हणे निधी नाही. मी अकरा बायका घेऊन ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसले. भाकरी तिथेच सोडल्या. दुपारी सरपंचालाही अर्धी दिली, वर मिरचीचा ठेचा. पाणी पीत पीत हो म्हणाला बिचारा. अजून अख्खा तांडा त्याला ‘रामीबाईचा टॉवर’ म्हणतो. पाहुणे आले की मी मुद्दाम त्याच्याखाली खाट टाकून बसते.

आणि आता उजी म्हणते, “तुहा टॉवर आभाळ पातळ करते, दादी. ताकात पानी टाकल्यासारखं.”

मी लावलेला दिवा माझीच नात पळवायला निघाला!

६ डिसेंबर

सुखीचा फोन. शीलाशी अर्धा तास. मला फक्त “बरी हाय ना?” एवढंच. बरी हाय म्हटलं. दुसरं काय म्हणणार, एकवीस पॉइंट सहावालीला?

१२ डिसेंबर

नायकाकडे गेले. तांड्याचा नायक रामसिंग, नात्यानं माझा पुतण्या. बायकाही जमल्याच. आमच्या तांड्यावर दोन माणसं बोलायला लागली की वीस ऐकायला येतात.

“रामसिंग, दर अमुशेले चार घंटे टॉवर बंद ठेवत जाय.”

“काकी, तूच लावाले लावला, आता तूच इझवाले लावते?”

“माय लेकराले जन्मही देते अन् झोपवतेही.”

पंचफुला मध्ये पडली. “तुह्या नातीसाठी आमी अंधारात बसावं? डुक्कर आला मंग?”

“डुक्कर आला तं तूच भेटशीन त्याले पहिले, थ्यो परत जाईन. अन् तुह्या नातवाच्या लग्नात डीजे लावला तवा आमी तीन दिवस बहिरे नाही बसलो?”

सगळे हसले. पंचफुला तेवढी हसली नाही. ठरलं. अमावास्येला चार तास अंधार.

१९ डिसेंबर

एका टॉवरनं भागत नाही. घराघरावर बल्ब आहेत, तेही वर उजेड फेकतात. उजी फोनवर म्हणाली दिवा वाईट नसतो, दिव्याला टोपी नसते ते वाईट. उजेड खाली पडला पाहिजे, जिथे पाय पडतो तिथे.

टोपीच पाहिजे ना? आर्णीच्या बाजारात बबलू पत्र्याचं काम करतो, त्याला आणला. तेलाचे रिकामे डबे घराघरातून गोळा केले. एका डब्यात चार टोप्या निघतात. माझी सून रोज सहा घरं करते शिडीवर चढून, मी खालून शिडी धरते आणि चुका काढते. सदतीस घरं झाली, चार राहिली. पंचफुलाच्या टोपीवर तेलाच्या डब्यावरचं सूर्यफूल आलं बरोबर समोर. ती आता म्हणते माझी टोपी सगळ्यात चांगली. तांड्यावर हेवा लय, बाप्पा!

२३ डिसेंबर

अंगणातला दक्षिणेकडचा कडुनिंब प्रेमकडून छाटून घेतला. उजीला दक्षिण मोकळी लागते. प्रेम म्हणाला, “बाई, उन्हाळ्यात सावली कुठची?” मी म्हटलं, सुखीकडे जाऊन बसशील सावलीला.

शीलानं हल्ली सुखीचं नाव आलं की पेन जरा दाबून चालवायला सुरुवात केली आहे. मागच्या पानावर उमटून राहिलं.

३० डिसेंबर, सोमवती अमावास्या

एकवीस पॉइंट शून्य!

टॉवर बंद, टोप्या घातलेल्या, निंब छाटलेला. उजीनं डबडं पाच वेळा दाबलं. “दादी, एका महिन्यात पॉइंट सहा वाढवले तू! असं कोणी करत नाही.” मला म्हणाली. सुखीला असं कधी म्हणाली असेल का? सुखीनं केलं काय? नुसती अंधारात बसून राहिली! मी कमावलं आहे.

मग तिनं दुर्बीण लावली. गुरू दाखवला. मी डोळा लावला तर वाटाण्याएवढा गोळा, त्याच्यावर दोन पट्टे, आणि बाजूला एका रांगेत चार बारके थेंब. गुरूचे चंद्र म्हणे. मला वाटलं आजवर आभाळानं मला फसवलं. पंच्याहत्तर वर्षं वर पाहिलं, एकदाही सांगितलं नाही की ह्याच्या मागं लेकरं आहेत.

किती वेळ पाहिलं ते माहीत नाही. मान अवघडली. मग वाईट बुद्धी झाली आणि विचारलं.

“सुखीनं पाह्यलं काय हे?”

“हाव. नानीनं मागच्या महिन्यातच पाह्यलं.”

झालं. उष्टं निघालं.

३१ डिसेंबर

शीला म्हणते, बाई, आभाळ उष्टं होत नाही. तिला काय होते म्हणायला. तिच्या आईच्या ताटातलं होतं ना!

९ जानेवारी २०२५

वहीबाई, आज एक काम केलं. कान इकडे कर.

उजीचा फोन आला होता. एकवीस छान आहे म्हणाली, पण नानीचं एकवीस-सहा ते एकवीस-सहाच. पाडव्यापर्यंत ठरवणार.  टोप्या संपल्या, झाडं संपली, टॉवर बंद झाला. आता आमचं आभाळ ह्याच्यावर काळं होत नाही. मग दुसरं उजळ करावं!

मीच सुखीला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“इहीनबाई, तुमच्या तांड्यावर अजून अंधारच काय व?”

“अंधारच हाय. तुही नात त्याच्यासाठीच तं येते.”

“थे बरोबर हाय. पन लोक काय म्हणतात माहीत हाय? मुकुटबन येवढं जवळ, अन् तांड्यावर एक खांब नाही! आमच्याकडं नऊ साल झाले. आता निवडणुकीची हवा हाय. आत्ता मागशान तं भेटन, मंग पाच साल कोणी ओळख देनार नाही.”

 सुखीनं हळूच विचारलं —

“कसा मांगतेत थ्यो?”

“पायरीवर बसाचं. बाया संगं न्याच्या. भाकरी बांधून न्याची, अन् साहेबालेही खाऊ घालाची. ठेचा तिखट पाहिजे.”

माझी सगळी विद्या तिला दिली. गुरूसुद्धा एवढी देत नाही.

१० जानेवारी

रात्री झोप छान लागली.

२९ जानेवारी, अमावास्या

उजी या खेपेला सुखीकडे. ठरल्याप्रमाणे आमच्या तांड्यानं टॉवर बंद केला. मी अंगणात खाट टाकून एकटीच आभाळ पाहत पडले. एकवीस असेल, जास्तच असेल. मोजायला कोणी नव्हतं.

प्रेम बाहेर येऊन म्हणाला, “उजी नाही तं दिवा कायले बंद ठेवला?” मी म्हटलं, मोडू नये सवय.

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. देवळात भोग लागला, शिऱ्याचा वास अजून हाताला आहे. त्यातच शीलाला तिच्या भावाचा फोन. सुखीच्या तांड्यावर खांब आला! सुखी नऊ बायका घेऊन पायरीवर बसली होती. ठेच्यानं साहेबाच्या नाकातून पाणी आलं म्हणे. निवडणुकीच्या वाऱ्यावर खांब गवतासारखे उगवतात.

मी शिरा दोनदा घेतला.

२ मार्च, रविवार

शुक्रवारी उजी सुखीकडे मोजायला गेली, काल आमच्याकडे. परवा गावात कोणीतरी वावरातली कापसाची पऱ्हाटी जाळायला घेतली होती, मी बांधावर जाऊन उभी राहिले, सोमवारपर्यंत थांब म्हटलं. धूर नको आभाळात! काल आभाळ धुतल्यासारखं.

आमचं — एकवीस पॉइंट एक.

सुखीचं — एकोणीस पॉइंट दोन!

उजी डबडं पुसून पुसून पुन्हा आकडा पाहत होती. “नानीच्या अंगणातून आता सप्तर्षीसुद्धा पुसट दिसतात, दादी. कोणी तिच्या डोक्यात भरवलं काय माहीत.” मी तिच्या ताटात तूप वाढलं. भरपूर वाढलं. म्हटलं, जाऊ दे, लोकायलेही दिवे पाहिजेत. असं मी म्हटलं! मी!

लिही शीला — आज मी जिंकले. दिवा लावून सुखीचं आभाळ मी

३ मार्च

कालचं वाक्य तिथेच राहिलं. शीलानं पेन ठेवून दिला आणि भांडी घासायला गेली. घासून झालेली भांडी पुन्हा घासली.

८ मार्च

पाच दिवस तू उपाशी राहिलीस, वहीबाई. आज शीला बसली, पण आधी बोलली. चाळीस वर्षांत ती मला असं बोलली नव्हती. तिचं म्हणणं तिच्याच हातानं लिहायला लावते, जसंच्या तसं.

“बाई, माह्या मायच्या तांड्यावर मागच्या साली विहिरीच्या वाटेवर एका पोरीले साप चावला. अंधारात दिसला नाही. पोरगी वाचली, पाय गेला. तिथं दिवा लागला हे चांगलंच झालं. पन तुमी थ्यो कायले लावाले लावला, थे मी लिहनार नाही. पाहिजे तं दुसरा हात पाहा.”

दुसरा हात कुठून आणू? मी म्हटलं, मी वाईट केलं काय मग? दिवाच तर लावला.

“चांगलं केलं,” शीला म्हणाली. “म्हणूनच तं राग येते.”

१४ मार्च, धुळवड

सकाळी सकाळी सुखीचा फोन. मागे डफ वाजत होता, बायका गात होत्या.

“रामी, तुह्या नावानं खांबाले नारळ फोडला.”

“माह्या नावानं कायले व?”

“तूच तं अक्कल देली! यंदा पहिल्यांदा आमच्या बाया उजेडात नाचल्या. म्हाताऱ्याही उभ्या राह्यल्या. विहिरीची वाट दिसते आता, लेकरं सांजच्यानं घरात कोंडून नाही ठेवा लागत.” मग जरा थांबली. “उजी मातर आली अन् घंट्याभरात निंघाली. डबडं पाह्यलं तं तोंडच उतरलं तिचं. जाऊ दे. आमच्या तांड्याले दिवा भेटला, तुले नात भेटली. सौदा बरोबर झाला, इहीनबाई.”

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला तिनं.

होळीच्या गोड पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. सुखी भांडली असती तर मी खाल्लं असतं. भांडायला मी तयार होते, शब्द काढून ठेवले होते. तिनं नारळ फोडला!

मनाला खाऊन राहिलं — तिच्याजवळ एकच गोष्ट माझ्याहून सरस होती. तीही मी फुसकी केली. आणि ती म्हणते सौदा!

१५ मार्च

तरी आमचं एकवीस पॉइंट एक आहेच. विसरू नको.

२२ मार्च, शनिवार

उजी आली. मी ठरवलं होतं की जेवणाआधी सांगायचं, नाहीतर जेवणानंतर झोप येते आणि माणूस शहाणं होतं. तिला ओट्यावर बसवलं.

“सुखीच्या डोक्यात थ्यो खांब म्या भरवला. दिव्यासाठी नाही. तुले इकडं आनाले.”

ती हसायलाच लागली! मांडीवर हात मारून.

“दादी, मले माहीत हाय. आईनं जानेवारीतच सांगतलं.”

मी शीलाकडे पाहिलं. शीला छपराकडे पाहत होती. म्हणजे माझी वही बोलते! मी इकडे सांगते, तिकडे मुकुटबनला ऐकू जाते!

“मंग सुखीलेही?”

“नानीले तं पहिल्या दिवसापासून. तू फोन ठेवला तसा तिनं आईले लावला. म्हणे, रामीनं मले फोन केला, म्हणजे काही तरी शिजून राह्यलं.”

म्हणजे होळीच्या दिवशी नारळ, सौदा, इहीनबाई — सगळं माहीत असून केलं तिनं! मला रडवलं! आणि मी रडले! लिहू नको हे, शीला. बरं, लिही. लिहिलंच असशील.

उजीनं माझा हात धरला. “पन नारळ खरा फोडला दादी तिनं. दिवा तिले पाहिजेच होता. मागाची लाज वाटत होती तिले.”

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभी केली, दुपारी उजीनं फॉर्म भरला. मी जवळच बसले होते, मोबाइलच्या काचेवर तिचं बोट कुठे जाते पाहत. मला वाचता येत नाही, पण आमच्या आर्णीला केवढं अक्षर लागते आणि सुखीच्या झरी तालुक्याला केवढं, ते मला कळते.

झरी भरलं.

मी म्हटलं, “तिकडं तं एकोणीस हाय!”

“अंगणात एकोणीस, दादी. नानीच्या वावरात नाही. तांड्यापासून पाऊण कोस, मधात टेकडी हाय. खांब थ्या टेकडीच्या मागं दडते, मुकुटबनचा उजेडही दडते. नानीनंच नेलं मले तिथं मागच्या आठवड्यात. म्हणे, दिवा तांड्याले, अंधार तुले.”

“किती आला?”

 मी दोनदा विचारलं.

“एकवीस पॉइंट सहा.”

वहीबाई, पाहिलं? खांब माझ्या अकलेनं आला, सुखीचं आभाळ जिथल्या तिथे राहिलं. दिवाही तिला, अंधारही तिला, नातही तिला. मी काय केलं आयुष्यभर? सदतीस अन् चार एक्केचाळीस टोप्या!

“वाघ हाय तिकडं,” मी म्हटलं. शेवटचा बाण होता.

उजीनं लगेच नानीला फोन लावून स्पीकरवर टाकला. सुखी म्हणते, “हाय ना. येते, नाल्यावर पानी पिते, जाते. तुह्यासारख्या चौकशा नाही करत.”

३१ मार्च

काही सांगायचं नाही.

२१ जून

उजी रुजू झाली. झरी तालुक्यात, सुखीच्या तांड्यापासून सहा किलोमीटरवर शाळा. सामान टेम्पोत भरलं तेव्हा दुर्बिणीवर मी माझी गोधडी टाकली. आरशांची, टाक्यांची, माझ्या लग्नातली. धक्का नको लागायला. टेम्पो गेल्यावर शीला म्हणाली, “बाई, गोधडी तिकडेच राहील.” मी म्हटलं, म्हणूनच टाकली. सुखीच्या डोळ्यासमोर रोज माझं काहीतरी पाहिजे.

३ ऑगस्ट

पाऊस. आभाळच नाही, तर जळायचं कशावर?

५ ऑक्टोबर

सुखीच्या वावरात खोल्या पुऱ्या झाल्या. सरकतं छप्पर बसलं. उजीनं फोटो पाठवला, प्रेमनं मोठा करून दाखवला. उघड्या छपराची खोली, मधात दुर्बीण, बाजूला खाट. खाटेवर सुखी पाय पसरून बसली आहे. माझ्या गोधडीवर!

“इले कोणी बसाले सांगतलं?” मी म्हटलं.

प्रेम म्हणाला, “बाई, तुले पाहिजे तं तूही जाऊन बैस.”

बायकोपेक्षा नवरा कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा बोचते.

१२ ऑक्टोबर

अंगणात खाट टाकली. कडुनिंब छाटलेला, टोप्या घातलेल्या, टॉवर चालू होता. आज अमावास्या नाही, त्याच्यावर माझा हक्क नाही. मी बराच वेळ पाहिलं. पातळ आहे, वहीबाई. उजी बरोबर म्हणत होती. एकदा दाट पाहिलं की पातळ कळते.

पंचफुला रस्त्यानं जाता जाता म्हणाली, “रामी, नात गेली तरी वर काय पाहते व?” मी खाट उचलून आत गेले. पंचफुलासमोर मी माघार घेतली!

२० नोव्हेंबर २०२५, अमावास्या

वहीबाई, आज तुह्या अंगावरचं अक्षर वेगळं हाय, घाबरू नको. हे उजी लिहून राह्यली. ही ‘मले’ म्हटलं की ‘मले’ लिहिते. तुले पिशवीत घालून मी चार दिवसांसाठी म्हणून इथं आली होती, आज सतरावा दिवस. सुखीच्या वावरातली दुसरी खोली मी घेतली. माही खाट दक्षिणेले, सुखीची उत्तरेले, दोघींच्या मधात दुर्बीण, आणि रोज एकच भांडण — पहिले डोळा कोण लावते. आज मी लावला. सुखीले उष्टं देलं. आभाळ एकवीस पॉइंट सात होतं, पॉइंट एक माह्या येण्यानं वाढलं असं मी म्हणते, सुखी नाही म्हणते. मले आता हेच आभाळ पाहिजे, कायमचं. प्रेमले म्हणाव कपडे पाठव, उरलेले सगळे.

शीला, हे पान उजी तुले फोनवर वाचून दाखवणार आहे, म्हणून नीट ऐक. प्रेमच्या हातानं पायलीभर ज्वारीचं पीठ पाठव, जवसाची चटणी पाठव, आणि तुरीच्या शेंगा भरल्या की पहिल्या हिरव्या दाण्यांचा, सोल्यांचा डबा. लोणचं पाठवू नको. तुह्या मायचं माह्याहून चांगलं हाय. हे तिले सांगू नको. चटणी मातर दुप्पट पाठव — सुखी चोरून खाते.